तारण कोणाकडून आणि जबाबदारी कोणाची? वऱ्हाडच्या खजिन्याचा राहून गेलेला हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. आपला भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला तो कसा? बहुतेकांचे उत्तर असते, लढाईत. हे उत्तर चूक आहे. आपला भाग गेला तो कर्जापायी.

हैदराबादच्या निजामाकडे कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली होती. १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. इथला महसूल कंपनीने वसूल करायचा आणि त्यातून फौजेचा पगार भागवायचा, असा हा व्यवहार होता. कागदावर मालक निजाम राहिला आणि कारभार इंग्रजांचा सुरू झाला. पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला. म्हणजे मेहकर, चिखली, मलकापूरची काळी जमीन आणि तिच्यावर राबणारी माणसे दोन सत्तांच्या देण्याघेण्यात तारण पडली होती. त्या माणसांना कुणी विचारले नव्हते.

तारणावर मिळालेल्या प्रांताचा कारभारही तारणाच्याच तत्त्वावर चालला. तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे, कारण त्याचा संबंध आपल्या आजच्या प्रश्नाशी आहे.

जामीनकतबा म्हणजे काय?

इंग्रजांचे राज्य महसुलावर उभे होते. गावात वसूल होणारा पैसा तहसिलीत जाई आणि तिथून जिल्ह्याच्या खजिन्यात. वाटेत तो अनेक हातांतून फिरे. एखाद्याने अफरातफर केली तर सरकारचे नुकसान कसे भरून काढायचे? यासाठी कंपनी सरकारने १८५० चा बारावा कायदा केला. सार्वजनिक पैसा ज्याच्या ताब्यात येतो त्या हिशेबदाराने आपल्या कामाबद्दल तारण दिलेच पाहिजे, असे त्यात सांगितले होते. पैसा बुडाला तर तो हिशेबदार आणि त्याचे जामीनदार या दोघांकडूनही जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येई. म्हणजेच मालमत्ता जप्त करून लिलावात काढता येई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातही महसूल अधिकाऱ्यांनी द्यायच्या तारणावर आणि त्यांच्या जामीनदारांच्या जबाबदारीवर एक अख्खे प्रकरण होते. वऱ्हाड हा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता, त्यामुळे तिथे कायदे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. पण रयतवारीपासून जमीन मोजणीपर्यंत इथल्या महसुलाची घडी मुंबई इलाख्याच्याच साच्यावर बसवलेली होती.

वरवर पाहता या व्यवस्थेत खटकण्यासारखे काही नाही. सार्वजनिक पैसा हा रयतेच्या घामाचा पैसा असतो. तो हाताळणाऱ्याने हमी दिलीच पाहिजे. हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. आमचा आक्षेप हमीला नाही. ती हमी कशात मोजली गेली, याला आहे.

विश्वासाचे माप : जमीन

जामीनकतबा द्यायचा तर एकतर स्वतःची मालमत्ता हवी, नाहीतर मालमत्तावाला जामीनदार हवा. ज्याच्या नावावर वावर नाही, वाडा नाही आणि ज्याच्यासाठी सही करायला एकही धनवान नातलग नाही, त्याने काय करायचे? तो कितीही प्रामाणिक असला, कितीही शिकला, तरी खजिन्याची खुर्ची त्याच्यासाठी नव्हती. उत्तर हिंदुस्थानात तर अनेक ठिकाणी सरकारी खजिनदारी सावकार घराण्यांकडेच राहत आली, कारण मोठे तारण देण्याची ऐपत त्यांचीच होती.

या अटीत जातीचा उल्लेख कुठेही नव्हता आणि तशी गरजही नव्हती. ज्या समाजात जमीन कोणाकडे असावी हे जात ठरवते, तिथे मालमत्तेची अट ही जातीचीच अट होते. गावपातळीवर तर ते उघडच होते. पाटीलकी आणि पांड्येपण पिढीजात होते. वऱ्हाडसाठी १९०० मध्ये पाटील-पटवाऱ्यांचा वेगळा कायदा झाला, तरी गावचे दप्तर त्याच ठरावीक घरांत राहिले.

आता दुसरी बाजू पाहा. गावचा वसूल तहसिलीच्या खजिन्यापर्यंत नेऊन पोचवायचा कोणी? महाराने. पावसापाण्यात आणि रानावनातून सरकारी पैसा नेणे हे महाराच्या गावकामातले एक काम होते. गावाच्या शिवेचा वाद निघाला तर महाराची साक्ष वजनदार मानली जाई. म्हणजे पैशाची थैली त्याच्या खांद्यावर चालत होती आणि शिवेचे सत्य त्याच्या तोंडून ऐकले जात होते. मात्र त्याच थैलीतल्या पैशाचा हिशेब लिहिण्याच्या जागेजवळही त्याला जाता येत नव्हते. तो पैसा नेत होता याचाच अर्थ त्याच्यावर विश्वास होता. पण त्या विश्वासाला व्यवस्थेने पत दिली नाही. विश्वास महारावर ठेवायचा आणि पत जमीनदाराची धरायची, असा हा दुटप्पी हिशेब होता.

बाबासाहेबांचा करार

एकतर्फी करार काय असतो हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. तो पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. शेवटी नोकरी सोडून परतावे लागले. कराराने अस्पृश्य तरुणाला बांधून घेतले होते. त्याला माणसासारखे राहू देण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे मालमत्तेच्या मापाला प्रत्येक ठिकाणी विरोध केला. मतदानाचा हक्क शेतसारा आणि मिळकतीवर ठरत होता, तेव्हा त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि महारांच्या फुकटच्या राबणुकीवर बोट ठेवले. सार्वजनिक पैशाच्या हिशेबाबद्दल तर ते अत्यंत कठोर होते. कंपनीच्या राजवटीच्या वित्तव्यवस्थेवर त्यांनी १९१५ मध्ये प्रबंध लिहिला होता. १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमांवर बोलताना हा अधिकारी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले.

यातला फरक लक्षात घ्या. इंग्रजांनी खजिना राखला तो माणसाच्या जमिनीवर बोजा चढवून. संविधान खजिना राखते ते स्वतंत्र लेखापरीक्षणाने आणि विधिमंडळापुढच्या जाबाने. पहिल्या पद्धतीत गरीब माणूस दारातच अडतो. दुसऱ्या पद्धतीत कलम १६ मुळे कोणताही पात्र नागरिक खुर्चीवर बसू शकतो आणि बसल्यावर त्याला हिशेब द्यावाच लागतो.

आज तारण कोणाकडून घ्यायचे?

तारणाचा नियम आजही संपलेला नाही. रोकड आणि भांडार हाताळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडून हमीपत्र घेण्याची तरतूद केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही आहे. ठीक आहे, कारकुनाने दिलेच पाहिजे. पण आमचा प्रश्न असा आहे की अनुसूचित जातींसाठी मंजूर झालेला निधी अखर्चित ठेवणारा, तो दुसरीकडे वळवणारा, शिष्यवृत्तीची फाईल महिनोन्‌महिने दाबून ठेवणारा अधिकारी कोणती हमी देतो? कारकुनाच्या पेटीतून शंभर रुपये कमी झाले तर वसुली होते. एका पिढीचे शिक्षण बुडाले तर त्याची वसुली कोणाकडून करायची?

१८५० च्या कायद्याला फक्त सरकारचे नुकसान दिसत होते, रयतेचे दिसत नव्हते. आजही आपण तिथेच अडकलो आहोत. उपयोजनेच्या निधीसाठी कर्नाटकने २०१३ मध्ये कायदा केला. त्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. महाराष्ट्रातही असा कायदा हवा, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे.

आणि मित्रांनो, कायदा येईपर्यंत हात बांधून बसू नका. ग्रामसभेत उभे राहा, दलित वस्तीच्या कामाचे अंदाजपत्रक मागा, माहितीचा अधिकार वापरा, आलेल्या आणि खर्च झालेल्या निधीचे आकडे वहीत लिहा. आपल्या पणज्यांनी दुसऱ्यांच्या हिशेबाच्या थैल्या खांद्यावरून वाहिल्या. आपण ती थैली उघडून हिशेब मागायचा आहे.

जय भीम! जय संविधान!