पिक्सेलचित्राची मूळ यंत्रावरील पडताळणी

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रासाठी काढलेले पिक्सेलचित्र पक्के करण्यापूर्वी ते त्याच यंत्रातून, शक्यतो पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावून पाहण्याची रीत. संगणकावर हे चित्र चौकटींच्या कागदासारखे दिसते. प्रत्येक पिक्सेल चौरस, कडा धारदार, रंग नेमका. यंत्र मात्र तेच चित्र आपल्या मर्यादांत बसवून एका तारेतून टीव्हीकडे पाठवते आणि वाटेत त्याचा आकार, रंग आणि वेग तिन्ही बदलतात. म्हणून चित्रकाराने काढले ते निम्मेच चित्र असते. उरलेले यंत्र आणि टीव्ही काढतात.

मुंबईच्या उपनगरांत या पडताळणीसाठी योग्य यंत्र म्हणजे १९९० च्या दशकात घरोघरी आलेला ‘टीव्ही गेम’. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या या नकला होत्या. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी त्या मिळत. त्यांच्या ६० पिनांच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणत आणि चित्र आले नाही की ती काढून, फुंकून पुन्हा बसवत. दहिसर-बोरिवलीकडच्या माळ्यांवर अशी यंत्रे अजूनही सापडतात. भारतात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये पाल पद्धतीने सुरू झाले आणि या पद्धतीत पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो. जपान व अमेरिकेतील टीव्ही तो जवळजवळ ६० वेळा रंगवतात. पिक्सेलचित्राचे प्रचलित नियम बहुतेक त्या ६० च्या जगासाठी बेतलेले आहेत. ते जसेच्या तसे पाळले तर दहिसरच्या घरातल्या टीव्हीवर चित्र बिघडलेलेच दिसते. इथल्या पडताळणीचे खरे प्रयोजन हेच.

यंत्राची चौकट काटेकोर आहे. पडदा २५६ × २४० पिक्सेलचा. चित्र ८ × ८ पिक्सेलच्या टाइलांनी बनते. एका टाइलला १६ बाइट लागतात आणि टाइलांच्या दोन संचांपैकी प्रत्येकात २५६ टाइल मावतात. पार्श्वभूमीसाठी चार पॅलेट असतात. प्रत्येकात तीन रंग, शिवाय सर्वांना सामाईक असा एक. परंतु पॅलेट टाइलला नव्हे, १६ × १६ च्या चौकोनाला लागू होते. या नियमावर चित्रे सर्वांत जास्त अडतात.

दहिसर स्थानकाची पिवळी पाटी हे उदाहरण घेतले तर सर्व अडचणी एकत्र दिसतात. पाटी ९६ × ३२ पिक्सेलची धरली आणि तिची कड १६ च्या पटीत आली नाही, तर मागच्या झाडाचा हिरवा रंग पाटीच्या कडेत घुसतो किंवा झाडाचा तुकडा पिवळा होतो. अक्षरांचे त्याहून कठीण. रोमन अक्षर ८ × ८ च्या टाइलमध्ये सुखाने बसते. ‘हि’ मात्र बसत नाही: वेलांटीला वरच्या दोन ओळी, शिरोरेषेला एक, आणि उरलेल्या पाच ओळींत ह ची दोन्ही वळणे. देवनागरीसाठी किमान दोन टाइल उंची घ्यावीच लागते आणि वेलांटीचा दंड डावीकडे आणखी जागा मागतो. एवढे करून पाटी टीव्हीवर लावली की ती फताडी दिसते, कारण ५० च्या पडद्यावर या यंत्राचा एक पिक्सेल उंचीच्या सुमारे १.३९ पट रुंद असतो. १६ × १६ चा चौरस २२ × १६ च्या आयतासारखा दिसतो. ६० च्या टीव्हीवर हीच रुंदी १८ च्या आसपास असते. संगणकावर गोल काढलेले घड्याळ दहिसरमध्ये अंड्यासारखे आडवे पडते. गोल हवा असेल तर २२ ओळी उंच आणि १६ पिक्सेल रुंद असा उभट आकार काढावा लागतो. अक्षरेही तशीच, मुद्दाम शिडशिडीत काढावी लागतात.

पडद्यावर आडवी आणि उभी रेघ सारखी वागत नाही. शिरोरेषा एकाच ओळीत येत असल्याने खणखणीत उमटते. काना, म्हणजे उभा दंड, एकच पिक्सेल रुंद ठेवला तर त्याच्या कडा विरघळतात आणि त्यांवर नको ते रंग चढतात, कारण उजळपणा आणि रंग एकाच तारेतून मिसळून येतात व टीव्हीला ते पुरते वेगळे करता येत नाहीत. रंगाच्या वाट्याला या तारेत फार थोडी जागा असते. दोन-तीन पिक्सेलपेक्षा बारीक रंगबदल आडव्या दिशेने वाहून जातो. शिवाय बहुतेक पाल टीव्ही लागोपाठच्या दोन ओळींच्या रंगांची सरासरी काढतात, त्यामुळे एका ओळीची लाल रेघ फिकी पडून खालच्या ओळीत झिरपते. उजळपणातला फरक मात्र टिकतो. पिवळ्यावर काळी अक्षरे म्हणूनच वाचता येतात आणि सारख्याच उजळ निळ्यावर लाल अक्षरे मिसळून जातात. काळा निवडतानाही जपावे लागते. यंत्राच्या रंगयादीत ‘०एफ’ हा सुरक्षित काळा आहे. ‘०डी’ हा काळ्याहूनही काळा असून काही टीव्ही त्याला ओळ सुरू होण्याची खूण समजतात आणि चित्र वाकडे होते. संगणकावर हे दोन्ही काळे सारखेच दिसतात.

हलणाऱ्या आकृतींना स्प्राइट म्हणतात. पडद्यावर एका वेळी ६४ स्प्राइट चालतात, पण एका आडव्या ओळीत आठच. बारा डब्यांची लोकल डब्याला एक स्प्राइट या हिशेबाने काढली तर आठ डबे दिसतात आणि चार गायब होतात. अशी गाडी पार्श्वभूमीच्या टाइलांनी काढून पार्श्वभूमीच सरकवणे हा त्यावरचा उपाय. संगणकावर या यंत्राची नक्कल करणाऱ्या अनेक प्रोग्रामांत, म्हणजे एम्युलेटरांत, ही मर्यादा काढून टाकण्याची सोय असते. ती चालू राहिली तर बाराही डबे दिसतात आणि दोष कळतच नाही. वेगाचेही तसेच. पडदा एकदा रंगवला की एक फ्रेम होते. दर सहा फ्रेमला बदलणारे चित्र ६० च्या यंत्रावर ०.१ सेकंदाने बदलते, ५० च्या यंत्रावर ०.१२ सेकंदाने. आकडे लहान वाटतात, पण चालीतला जडपणा डोळ्याला लगेच जाणवतो.

चित्र यंत्रात नेण्यासाठी पूर्वी ईप्रॉम चिप लागत असे. ८ किलोबाइटच्या २७सी६४ चिपमध्ये टाइलांचे दोन्ही संच मावतात. ती अतिनील प्रकाशात पुसून पुन्हा भरता येते, पण प्रत्येक दुरुस्तीला ती काढा, पुसा, भरा, बसवा हा खटाटोप असतो. आता मेमरी कार्ड घेणाऱ्या फ्लॅश कॅसेट मिळतात. ६० पिनांच्या खाचेसाठीही त्या आहेत. संगणकावर तयार केलेली फाइल कार्डावर टाकली की काम होते. फाइलच्या आरंभी १६ बाइटचे शीर्षक असते. ते चुकले तर चित्राऐवजी टाइलांचा चिवडा दिसतो. यंत्र कोणत्या गतीचे आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे: ३०० फ्रेम मोजून रंग बदलणारा छोटा प्रोग्राम चालवावा. रंग सहा सेकंदांनी बदलला तर यंत्र ५० चे, पाच सेकंदांनी बदलला तर ६० चे.

इतर यंत्रांचे प्रश्न वेगळे आहेत. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६० × १४४ पिक्सेलचा आणि चार छटांचा आहे. त्याच्या मंद एलसीडीवर हलती आकृती मागे सावली सोडते, म्हणून बारीक तपशील हालचालीत पुसला जातो. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर हा विरघळण्याचा गुण चित्रकारांनी कामाला लावला. १९९१ च्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे, साध्या व्हिडिओ तारेतून त्या पट्ट्या मिसळतात आणि पाणी पारदर्शक भासते. धारदार पडद्यावर तिथे नुसत्या पट्ट्या दिसतात.

पडताळणीसाठी टीव्ही मिळवणे यंत्रापेक्षा अवघड होत चालले आहे. पिक्चर ट्यूबचे संच भंगारात गेले, आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, यंत्राचे सुटे भाग मिळाले तरी तो जडशीळ संच लोकलने दहिसरला आणणे सोपे नाही. सपाट पडद्याचे अनेक नवे टीव्ही या यंत्राचे चित्र एकाआड एक ओळींनी येणारे समजून दोन फ्रेम एकत्र करतात, त्यामुळे एका फ्रेमआड लुकलुकणारी आकृती जाळीदार दिसते किंवा पूर्ण नाहीशी होते. अशा टीव्हीवर आधी चित्र नीट मोठे करून देणारे रूपांतरक यंत्र मध्ये जोडावे लागते. त्याने लुकलुक आणि वेग तपासता येतात, ट्यूबवरची चमक मात्र येत नाही. जुना संच मिळाला तर त्याचे मागचे झाकण उघडू नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये घातक विद्युतभार राहतो. नोंदीसाठी फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवावा. त्याहून वेगवान शटरने पडद्याचा काही भागच उजळ येतो आणि बाकीचा काळा.