चोरीचा माग कुठे थांबतो?

गुन्ह्यांचा दर काढायचं सूत्र शाळकरी आहे. वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. झालं. पण विज्ञान शाखेत आम्हाला पहिल्या प्रॅक्टिकललाच सांगतात की आकड्यावर बोलण्याआधी उपकरण तपासा. इथं उपकरण म्हणजे नोंदवही. ती कोण लिहितो आणि लिहिल्यावर त्याच्या खिशाला किंवा नोकरीला काय चटका बसतो, हे पाहिल्याशिवाय 'अमुक पेठ सुरक्षित, तमुक गाव बिघडलं' असं म्हणायला मी तरी धजावत नाही.

ही नोंदवही आपल्याकडे कशी बदलत गेली, हे बघायला पारगाव चांगलं आहे. पारगावं दोन. एक जुन्नर तालुक्यातलं, पारगाव तर्फे आळे. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. नावातलं 'तर्फे' हे जुन्या महसुली व्यवस्थेतून आलेलं आहे. चोरीचा हिशेबही एकेकाळी त्याच व्यवस्थेत, गावपातळीवर व्हायचा.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचं वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आणि तिथल्या जागल्याला तो पटला, की जबाबदारी त्या गावावर. तो पुढे माग काढणार. असं करत माग जिथे थांबेल, त्या गावाने भरपाई द्यायची. आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे, उरलेली सगळ्या गावाने. एल्फिन्स्टनला ही पद्धत अन्यायाची वाटली. प्रत्यक्षात पूर्ण भरपाई क्वचितच घेत, पण काहीतरी दंड बसायचाच, हेही त्याने लिहून ठेवलंय.

आता या नोंदीचा स्वभाव बघा. ज्याचं गेलं तो बोंबलणारच, कारण बोंबलल्याने पैसे परत मिळायची शक्यता होती. आणि गावाला चोरी नाकारण्यापेक्षा माग पुढच्या शिवेत ढकलणं फायद्याचं. म्हणजे जुन्या दप्तरात 'या गावात चोऱ्या जास्त' असं दिसलं, तर ते गाव कदाचित फक्त माग पुढे सरकवायला कमी पडत असेल!

शहरात गाव आणि शीव नव्हती, तिथं कोतवाल होता. पुण्यात रात्री ठरलेल्या वेळी तोफ व्हायची आणि त्यानंतर रस्त्यावर दिसलेला माणूस सकाळपर्यंत अटकेत. कोतवालाकडे प्यादे, घोडेस्वारांची गस्त आणि रामोशी होते. पेठांमध्ये हिंसक दरोडे फार कमी, हे एल्फिन्स्टनही मान्य करतो. पण या शांततेची किंमत काय? १७७७ पासून कोतवाल असलेल्या घाशीरामाच्या कैदेत १७९१ च्या ऑगस्टमध्ये ३४ तेलंगी ब्राह्मण एका रात्रीसाठी कोंडले गेले आणि त्यातले २१ मेले. चिडलेल्या लोकांनी नंतर घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. (तेंडुलकरांचं नाटक १९७२ चं. ते इतिहास सांगण्यासाठी लिहिलेलं नाही, पण नाव सगळ्यांना त्यामुळेच ठाऊक.) ते २१ मृत्यू गुन्ह्यात धरायचे की बंदोबस्तात? दराच्या सूत्राला हा प्रश्न पडत नाही.

इंग्रजांनी हळूहळू भरपाई काढून टाकली आणि पगारी पोलीस आणले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला सरकारी साच्यात बसवलं; आजचा पोलीस पाटील त्याचाच वारस, फक्त कायदा १९६७ चा. ज्यांच्याकडे राखण होती त्यांचं काय झालं? किल्ल्यांची आणि गावांची राखण करणाऱ्या रामोश्यांचे हक्क गेले, तेव्हा उमाजी नाईक बंडाला उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. कालचा राखणदार आजच्या तक्त्यात दरोडेखोर म्हणून मोजला गेला. पुढे १९११ च्या कायद्याने तर अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय मुंबई इलाख्यातही आली. ती १९५२ पर्यंत पूर्ण गेली नव्हती. माझ्या मते आपल्या गुन्हेगारीच्या आकड्यांवरचा सगळ्यात मोठा डाग हा आहे.

दुसरा डाग रोजचा. नुकसान भरून द्यायचं नाही, पण आकडा वाढला की वरून विचारणा होते, अशा ठिकाणी बसलेला माणूस काय करेल? गुन्हा न नोंदवण्याची ही खोड १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगालाही दिसली होती. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये, ललिता कुमारी खटल्यात पुन्हा सांगावं लागलं. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतो. घरफोडीत खून झाला तर तक्त्यात खून दिसतो, घरफोडी गायब.

हद्दींचंही तसंच. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, तळेगावसारखी ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. त्या दिवशी चाकणचा एकही चोर जागचा हलला नसेल, तरी ग्रामीणचे गुन्हे कमी झाले. २०१७ आणि २०१९ ची तुलना करून कुणी ग्रामीण पोलिसांची पाठ थोपटली, तर आधी ठाण्यांची यादी मागा.

आणि आंबेगावच्या पारगावला आता 'पारगाव कारखाना' हे स्वतंत्र पोलीस ठाणं आहे. ठाणं जवळ आलं की फिर्यादी वाढायला हव्यात, आणि वाढल्या तर ते मला चांगलंच लक्षण वाटेल. कारण नदीकाठच्या शेतकऱ्याचं दुखणं म्हणजे मोटारीची केबल आणि पंप. रात्रीत केबल कापून नेतात, आतलं तांबं विकतात, उसाचं पाणी थांबतं. राखणीला जावं तर उसात बिबट्या. शेतकरी हिशेब करतो: नवी केबल आजच आणली तर पाळी चुकत नाही, ठाण्यात गेलो तर दिवस मोडतो आणि केबल परत मिळण्याची आशा थोडी. बरेच जण दुकानाकडे वळतात. ती चोरी पारगावच्या खात्यावर पडत नाही, तालुक्याच्या नाही, राज्याच्याही नाही. दोनशे वर्षांपूर्वी तिचा माग निदान पुढच्या शिवेपर्यंत गेला असता. आता तो बांधावरच थांबतो, आणि केबलचे पैसे ज्याची चोरी झाली तोच भरतो.