अशक्य मार्ग : ग्वाही आणि सिद्धता

प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला प्रोग्रॅममधील प्रत्येक मार्ग शक्य आहे असे सामान्यतः गृहीत धरावे लागते. गॅरी किल्डाल ह्याने १९७३ साली मांडलेल्या विदा-प्रवाह विश्लेषणाच्या रीतीत हेच गृहीत अंतर्भूत आहे. ह्या सावधगिरीने चुकीचे रूपांतर टळते. परंतु निष्कर्ष ढोबळ राहतात. समजा, एखादी संख्या ऋण असल्यास भाजकाला शून्य ही किंमत दिली आणि पुढे तीच संख्या धन असेल तरच त्या भाजकाने भागावयाचे ठरविले. ह्या दोन्ही अटींतून जाणारा मार्ग कागदावर दिसतो. प्रत्यक्षात तो कधीच घडत नाही. तरीही जुनी रीत शून्याने भागण्याचा धोका दाखविते.

ह्यावर एक उपाय ग्वाहीचा होय. २०१० मधील जीसीसी ४.५ ह्या कंपायलरने ‘बिल्टिन अनरीचेबल’ ही खूण दिली. सी आणि सी प्लस प्लस ह्यांच्या ‘२३’ ह्या प्रमाणांतही तशी सोय झाली. येथे नियंत्रण पोहोचणार नाही, असे प्रोग्रॅमरने सांगावे आणि कंपायलरने ते न तपासता मानून तो मार्ग गाळावा, असा हा करार आहे. ग्वाही खोटी ठरल्यास प्रोग्रॅमच्या वर्तनावर कोणतेही बंधन उरत नाही. असल्या विश्वासाची किंमत २००९ साली लिनक्सच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये दिसून आली. तेथे खूण नव्हती. परंतु पॉइंटर आधीच वापरला गेल्यामुळे तो शून्य असणे अशक्य, असे अनुमान काढून जीसीसीने नंतरची तपासणी वगळली. परिणामी सामान्य वापरकर्त्यास संगणकाचे सर्वाधिकार बळकाविता आले.

दुसरा उपाय सिद्धतेचा होय. बोडिक, गुप्ता व सॉफा ह्यांनी १९९७ साली परस्परविरोधी अटींवरून अशक्य मार्ग हुडकून विश्लेषण अचूक करण्याची रीत मांडली. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर व त्यांचे सहसंशोधक ह्यांनी २०१८ आणि २०१९ च्या निबंधांत हा विचार पुढे नेला. अशक्य मार्गखंडावरून वाहणाऱ्या किंमती ते वेगळ्या राखतात आणि जेथे विरोध पूर्ण होतो तेथे त्या टाकून देतात. त्यामुळे प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणे तपासण्याची गरज उरत नाही.

सर्वच अशक्य मार्ग ओळखणारी यांत्रिक रीत मात्र असू शकत नाही. ट्युरिंगच्या १९३६ च्या सिद्धान्ताचीच ही निष्पत्ती आहे. म्हणून ग्वाहीला जागा राहतेच. परंतु सिद्धता चुकीची असल्यास ती तपासून दाखविता येते; ग्वाहीची चूक बहुधा अपघातानंतरच कळते. चाचणीच्या वेळी ह्या खुणांचे प्रत्यक्ष तपासणीत रूपांतर करण्याची सोय आजच्या कंपायलरांत आहे. तिचा उपयोग करणे हे ग्वाही देणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.