वूनर्फ

वूनर्फ हा नेदरलँड्समध्ये उगम पावलेला निवासी रस्त्याचा एक प्रकार आहे. डच भाषेत ‘वून’ म्हणजे राहणे आणि ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतालची मोकळी जागा. म्हणून ‘राहत्या घरांचे अंगण’ असा या संज्ञेचा अर्थ सांगता येतो. अशा रस्त्याची संपूर्ण रुंदी पादचाऱ्यांना वापरता येते व मुलांना तेथे खेळण्याची कायदेशीर मुभा असते. मोटारींना प्रवेश असतो, परंतु पाहुण्याप्रमाणे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये मोटारींची संख्या झपाट्याने वाढली व जुन्या शहरांतील चौक वाहनतळ बनू लागले. १९७१ साली त्या देशात रस्ते-अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. देशाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे १.३ कोटी होती, हे ध्यानात घेतल्यास या आकड्याची भीषणता कळते. अपघातात आपली मुलगी गमावलेले पत्रकार फिक लांगेनहॉफ यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकावरूनच पुढे ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाचे आंदोलन उभे राहिले.

वूनर्फची कल्पना त्याआधीची आहे. नगररचनाकार नीक द बूर यांनी ती १९६० च्या दशकात मांडली. डेल्फ्ट शहरात योस्ट वाल या अभियंत्याच्या पुढाकाराने जुन्या वस्तीतील रस्त्यांची त्यानुसार पुनर्रचना झाली. १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली.

रचना व नियम

पदपथ आणि वाहनमार्ग यांना वेगळे करणारा उंचवटा येथे नसतो. सारा रस्ता एकाच पातळीवर, बहुधा विटांनी फरसबंद केलेला असतो. झाडे, बाके, फुलझाडांचे वाफे आणि वाहने उभी करण्याच्या जागा आलटूनपालटून दोन्ही बाजूंस ठेवतात. त्यामुळे चालकासमोर लांबलचक सरळ मार्ग राहत नाही व वेग आपोआप उतरतो. केवळ फलक लावून हे साधत नाही. रस्ता दिसायलाच अंगणासारखा असावा लागतो.

प्रवेशापाशी घर, माणूस, चेंडू खेळणारे मूल व मोटार यांची पांढरी चित्रे असलेला निळा फलक असतो. वाहनाने पायी चालण्याच्या गतीने जावे, असा मूळ नियम होता. ही गती नेमकी किती, हे वेगमापकावर थोडेच दिसते! आता ती मर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे. वाहने खुणेच्या जागीच उभी करता येतात. पादचाऱ्यांनीही विनाकारण वाहने अडवू नयेत, अशी अपेक्षा असते.

मर्यादा

पुनर्रचना खर्चिक असल्याने १९८० च्या दशकापासून ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या स्वस्त क्षेत्रांना अधिक पसंती मिळाली. वाहने वाढली की खेळण्याची जागा त्यांनीच व्यापली जाते. सर्वांत गंभीर आक्षेप दृष्टिहीनांच्या संदर्भातील आहे: पांढऱ्या काठीने चालणाऱ्यास पदपथाची कड हाच आधार असतो आणि तोच येथे नाहीसा होतो.

प्रसार

१९८८ पासून नेदरलँड्समध्ये बाजारपेठेतील रस्त्यांनाही हा दर्जा देता येऊ लागला. जर्मनीने १९८० साली अशाच क्षेत्रांची तरतूद केली. ब्रिटनमध्ये त्यांना ‘होम झोन’ म्हणतात, तर फ्रान्समध्ये २००८ पासून ताशी २० किलोमीटर मर्यादेची ‘भेटीची क्षेत्रे’ आहेत.