मरीन ड्राइव्हचे भाडेकरू

मरीन ड्राइव्हवरच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. त्यांतले बहुतेक फ्लॅट बांधले गेले तेव्हा विकायला नव्हतेच. बॅकबेच्या भरावावरचे प्लॉट सरकारने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले, श्रीमंत गुंतवणूकदारांनी त्यांवर तीसच्या दशकात काँक्रीटच्या, लिफ्टच्या इमारती उभ्या केल्या आणि फ्लॅट महिन्याच्या भाड्याने दिले. इमारतीतला एकच फ्लॅट विकत घ्यायची रीत त्या वेळी मुंबईत रुजलेली नव्हती. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने १९१५ मध्ये सहकारी घरबांधणीचा पाया घातला, पण तिथेही सभासद एका अर्थी आपल्याच संस्थेचे भाडेकरू होते. चाळीतला कारकून जसा भाडेकरू, तसाच चर्चगेटचा बॅरिस्टरही भाडेकरू. त्यामुळे शहराच्या या सर्वांत देखण्या भागात राहायला येण्यासाठी दरमहाचे भाडे परवडणे पुरेसे होते, गाठीला मोठी पुंजी लागत नव्हती. पुढच्या काही दशकांत हे पार उलटले. याचा दोष सहसा जमिनीच्या टंचाईला दिला जातो. माझ्या मते त्याहून मोठा वाटा भाडेनियंत्रणाच्या कायद्याचा आहे, कारण या कायद्याने घराची किंमत मासिक भाड्यातून काढली आणि उंबरठ्यावर नेऊन ठेवली.

भाड्यावर पहिले बंधन १९१८ मध्ये आले, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, आणि ते तात्पुरतेच होते. दुसऱ्या युद्धाबरोबर नवी बंधने आली आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ती एकत्र बांधली. या कायद्याचा कणा म्हणजे ‘प्रमाणित भाडे’. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानायचे, आणि जी जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली तिचे पहिले भाडे प्रमाण मानायचे. वाढीव कर किंवा सुधारणांचा खर्च यांपुरती थोडी सवलत होती, पण महागाईप्रमाणे भाडे वाढवायची सोय नव्हती. भाडे भरत राहणाऱ्याला सहजासहजी काढता येत नव्हते आणि त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तोच हक्क जात होता. हा कायदाही ठरावीक मुदतीचाच होता, पण त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढवली गेली आणि तो अर्धशतक टिकला. या पन्नास वर्षांत रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, आणि भाडेपावतीवरचा आकडा मात्र जवळपास तिथेच राहिला.

आकडा गोठला तरी जागेचे मोल गोठले नाही. मूळ भाडे आणि खरे भाडे यांच्यातला फरक कुणीतरी कुणालातरी देणारच होता, आणि तो पागडीच्या रूपाने दिला गेला. येणारा भाडेकरू जाणाऱ्याला रोख रक्कम द्यायचा आणि घरमालक पावती नव्या नावाने करून देण्यासाठी त्यातला हिस्सा घ्यायचा, रूढीने साधारण तिसरा. १९४७ च्या कायद्याला पागडीबंदीची दोन स्वतंत्र कलमे घालावी लागली, एक मालकासाठी आणि एक भाडेकरूसाठी. पागडी तेव्हाच किती रुळली होती ते यावरूनच दिसते. तुरुंगाची तरतूद असूनही ती कधी थांबली नाही. त्या काळी मरीन ड्राइव्हवर किंवा दादरच्या हिंदू कॉलनीत जागा मिळवायची तर एकदम मोठी रक्कम लागे, ती हिशेबाबाहेर फिरवता यावी लागे आणि मालकाची ओळखही लागे. बदली होऊन आलेल्या पगारदाराकडे या तिन्हींपैकी काहीच नसे. कायद्याने ज्याचे रक्षण केले तो आधीपासून आत होता. जो अजून आला नव्हता, त्याचा विचार कुणी केलाच नाही, आणि मला हीच या कायद्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की हा कायदा नसता तर गिरगाव-परळचा मराठी माणूस मुंबईत टिकलाच नसता. यात मोठे तथ्य आहे. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात घरमालकांना मोकळे सोडले असते तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, आणि गिरणी कामगाराचे घर गिरणीजवळ राहिले ते याच कायद्यामुळे. मात्र कायद्याने परळची खोली आणि ओव्हलसमोरच्या क्वीन्स कोर्ट इमारतीतला प्रशस्त फ्लॅट एकाच मापाने मोजला. शिवाय ज्या खोलीला त्याने वाचवले, तिच्या डोक्यावरचे छप्पर मात्र त्याने वाचवले नाही. भाड्यात दुरुस्ती भागेना, इमारती कोसळू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या सुरुवातीला १९,६४२ होती. १९८६ च्या दुरुस्तीने मासिक भाड्याच्या शंभरपट भरपाई देऊन अशा इमारती संपादन करून रहिवाशांच्या सोसायट्यांना द्यायची सोय केली. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे मालकाच्या हाती काय पडणार? तो वाद नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला आणि त्या पीठाचा निकाल यायला २०२४ उजाडले. दुसरा आक्षेप जमिनीचा. बेट अरुंद आहे, त्यात १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, हे खरेच. पण मरीन ड्राइव्ह तोवर पूर्ण बांधून झाला होता. नवी जमीन न मिळाल्याने नवी घरे का झाली नाहीत ते समजते, असलेली घरे भाड्याच्या बाजारातून का नाहीशी झाली ते समजत नाही.

ती नाहीशी झाली ती मालकांच्या भीतीने. पोटभाडेकरू आणि भाडेकराराऐवजी मालकाच्या परवान्यावर राहणारे यांना कायद्याने वेळोवेळी आत घेतले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना त्या वर्षीच्या दुरुस्तीने थेट भाडेकरू केले. राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा न्याय होता, पण ज्याच्याकडे रिकामी जागा होती त्याने यातून एकच धडा घेतला: कुलूप लावा, नाहीतर विका. अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स आणि भरभक्कम डिपॉझिट याच भीतीतून रूढ झाले. फ्लॅटमालकीचा कायदा १९६३ मध्ये आलाच होता, तेव्हा नव्या इमारती बांधणाऱ्यांनी भाड्याचा विचारच सोडला. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता अवाजवी झाल्याचे म्हटले, तरी कायद्याची मुदत संपत आली होती म्हणून ती कलमे रद्द केली नाहीत. त्यानंतर आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी अधिकृत केली, वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली आणि बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढले. त्यामुळे फोर्ट-चर्चगेटची कार्यालये बाजारभावाला आली. घरांच्या बाबतीत चार टक्के त्याच जुन्या आकड्यावर मोजायचे होते. हीच वाढ पन्नासच्या दशकात, रुपया अजून धड असताना दिली असती, तर मालकाला दुरुस्ती परवडली असती, भाडेकरू सुरक्षित राहिला असता आणि पागडी उभी राहायला फरकच उरला नसता. त्या वेळच्या विधिमंडळाला हे अशक्य नव्हते. मुदत वाढवायचे विधेयक दर खेपेला त्याच्यासमोर येतच होते.