पहिल्या नंबराचा प्रतिनिधी

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्या माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली उतरते. दर वर्षी ती पुसायची, "यातले काही टाकून द्यायचे का?" असे सौभाग्यवतींनी विचारायचे, मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे आणि ट्रंक पुन्हा वर जायची, असा आमचा नेम आहे. यंदा मात्र ती नातीच्या हाती लागली. नात कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने माझ्या कॉलेजचे १९७३ सालचे नियतकालिक बाहेर काढले आणि एका फोटोवर बोट ठेवून विचारले, "आजोबा, हे जी. एस. म्हणजे काय हो?"

"जनरल सेक्रेटरी. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. आम्ही मते देऊन निवडायचो."

"मते देऊन? कॉलेजात?"

"तुमचा कोण आहे सध्या?"

"असेल कोणीतरी," ती म्हणाली. "नोटीस लागली असेल बोर्डावर."

हीच मुलगी मागच्या विधानसभेला पहिले मत देऊन आली, तेव्हा शाईचे बोट दिवसभर घरभर मिरवत होती! आजची मुले उदासीन आहेत, असे मी प्राध्यापकांच्या खोलीत पस्तीस वर्षे म्हणत आलो. परंतु त्या शाईच्या बोटाने मला विचारात पाडले. उदासीनता मुलांच्या रक्तात असती, तर ती दोन्हीकडे दिसायला हवी होती. तेव्हा हे औदासीन्य आले कुठून, याचा थोडा माग काढावा असे ठरवले.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या संस्थेचा इतिहास विद्यापीठापेक्षाही जुना आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्रा. पॅटन यांच्यासारखे इंग्रज अध्यापक पाठीशी होते आणि मंडळींत दादाभाई नौरोजी होते. तेव्हा दादाभाईंचे वय अवघे बावीस वर्षांचे. निबंध वाचावेत, त्यावर वाद घालावेत, एवढाच आरंभीचा बेत. पण इंग्रजीतली चर्चा चार भिंतींतच राहते हे ध्यानात येताच मराठी आणि गुजराती अशा ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेला दादोबा पांडुरंगांसारखा व्याकरणकार अध्यक्ष लाभला, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही सुरू झाले.

या तरुणांनी केलेले मोठे काम मात्र कागदावरचे नव्हते. सभेत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला आणि त्यावरून वाद झडले. तेव्हा, नुसते बोलता काय, करून दाखवा, असा प्रश्न उभा राहिला. १८४९ साली या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी स्वतःच बिनपगारी मास्तरकी केली. वीस-बावीस वर्षांची ही पोरे लोकांच्या घरी जाऊन "तुमची मुलगी शाळेत पाठवा" म्हणत, तेव्हा काय काय ऐकून घेत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे याच सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले डॉ. भाऊ दाजी लाड. तात्पर्य, सभा त्यांची होती, निबंध त्यांचे होते, म्हणून शाळाही त्यांना आपली वाटली.

दुसरा प्रसंग आमच्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच घडले. मुलांनी गाणे सोडले नाही आणि त्यांना वसतिगृह व कॉलेज सोडावे लागले. शेकडो मुलांची शिक्षणे मोडण्याच्या बेतात आली. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या काळात, या मुलांना दार उघडून दिले. तिथे शिकून बाहेर पडलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला.

माझ्या पिढीच्या वाट्याला असले काही दिव्य आले नाही. आम्हांला मिळाली ती स्नेहसंमेलने, भित्तिपत्रके आणि जी. एस.ची निवडणूक. आमच्या भित्तिपत्रकाचा मी एक वर्ष संपादक होतो. म्हणजे सुवाच्य अक्षर असलेला एक मित्र पकडून आणायचा, त्याला चहा पाजायचा आणि रात्री जागून कागद रंगवून घ्यायचा. एकदा आम्ही वाचनालयाच्या वेळेबद्दल लिहिले, तर वाचनालय तासभर जास्त उघडे राहू लागले. तो एक तास मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी अध्यापक झालो, आणि निवडणुकीची दुसरी बाजू दिसू लागली. बाहेरच्या पुढाऱ्यांच्या जीपगाड्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभ्या राहू लागल्या. आदल्या रात्री उमेदवार पळवले जाऊ लागले. मारामाऱ्या नित्याच्या झाल्या. १९८९ साली तर मुंबईत एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. खुल्या निवडणुका नकोतच, हे मत बळावत गेले, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने ते पक्के केले. आता प्रत्येक वर्गातून एक प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचा, तोही मागच्या परीक्षेतली गुणवत्ता पाहून. खेळ, सांस्कृतिक कार्य, एन. सी. सी. वगैरेंचे आणखी काही विद्यार्थी घ्यायचे. चिटणीस निवडायचा तो या नेमलेल्या मुलांनी आपापसांत. बाकीच्या शेकडो मुलांना मत म्हणून उरलेच नाही.

यातला विरोधाभास पाहा. १९८९ सालच्याच मार्चमध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. अठरा वर्षांचे पोर लोकसभा निवडण्यास लायक ठरले, आणि पाचच वर्षांनी तेच पोर वर्गप्रतिनिधी निवडण्यास नालायक ठरले! खून करणारे मूठभर. मत गेले ते सर्वांचे.

त्या दिवशी आम्हां प्राध्यापकांना काय वाटले, ते सांगितलेच पाहिजे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. भिंती स्वच्छ राहतील, तास वेळेवर होतील, पहिल्या नंबराचा मुलगा शहाणाच असणार, असे आम्ही म्हणालो. मी तर सर्वांत मोठ्याने म्हणालो.

दोन वर्षांनी माझ्याकडे कॉलेजच्या नियतकालिकाचे संपादकपद होते. एका मुलाने लेख आणून दिला. त्यात त्याने लिहिले होते, की आमचा वर्गप्रतिनिधी कोण हे आम्हांला नोटिशीवरून कळले आणि त्यालाही नोटिशीवरूनच कळले. तो बिचारा अभ्यासू आहे. त्याला आमचे काही सांगायचे नाही आणि आम्हांला त्याला काही विचारायचे नाही. मग ही परिषद नेमकी कोणाची? भाषा साधी होती, उद्धटपणाचा लवलेश नव्हता. पण प्राचार्य काय म्हणतील या धास्तीने मी तो लेख बाजूला ठेवला. मुलगा विचारायला आला, तेव्हा म्हणालो, "अरे, जागा नव्हती." अंक त्याच्या हातातच होता, आणि शेवटची दोन पाने कोरी होती.

"बरं, सर," एवढेच म्हणून तो गेला.

पुढच्या वर्षी लेख मागवले, तेव्हा पावसावरच्या कविता आल्या, आईवरचे निबंध आले. कॉलेजविषयी एक ओळही आली नाही. "मुले फार उदासीन झाली आहेत," असे मी त्या वर्षीच्या संपादकीयात लिहिले.

त्यानंतरचा इतिहास थोडका आहे. २००६ साली लिंगडोह समितीने निवडणुका पुन्हा नीट कशा घेता येतील याचे नियम सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. उमेदवाराने पाच हजार रुपयांवर खर्च करू नये, त्याची ७५ टक्के हजेरी असावी आणि छापील नव्हे, हाताने रंगवलेलीच भित्तिपत्रके लावावीत. हे शेवटचे वाचून मला आमचा तो सुवाच्य अक्षराचा मित्र आठवला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सर्व विद्यार्थ्यांच्या मताने अध्यक्ष आणि सचिव निवडण्याची तरतूद परत आणली. २०१९ साली निवडणुकांची तयारीही सुरू झाली. पण त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक होती. मोठ्यांची निवडणूक आली, म्हणून धाकट्यांची लांबणीवर पडली. पुढच्या वर्षी करोनाने कॉलेजेच बंद केली.

नातीला मी हे सारे सांगितले. लेखाचेही सांगितले. ती गप्प राहून ऐकत होती. मग म्हणाली, "तो लेख आहे अजून?"

ट्रंकेच्या तळाशी एक पिवळे पाकीट आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीतले बरेच कागद मी फाडून टाकले. तेवढा एक टाकवला नव्हता. तिने तो उभ्या उभ्याच वाचला आणि म्हणाली, "आजोबा, यातली तारीख सोडली तर हा आमच्याच कॉलेजचा आहे. मी घेऊन जाऊ?"

"कशाला?"

"आमच्या अंकाला लेख मागवलेत. त्या मुलाचं नाव घालून देते, आणि खाली माझं थोडं जोडते. जागा नाही म्हणाले, तर पानं मोजून दाखवीन."

आकाशकंदील लागला, फराळाचे डबे भरले, तरी ट्रंक यंदा अजून खालीच आहे. सौभाग्यवतींनी दोनदा आठवण केली. मी म्हटले, अंक निघू दे, मग वर ठेवू.