वाड्यातली एक तक्षीम

सर्व्हर घेतला तो भोरच्या एसटी स्टँडवर, वेल्ह्याची गाडी लागायची वाट बघत. फोनवरून पैसे भरले, आणि हातातला चहा निवायच्या आत मेल आला. त्यात आयपी पत्ता होता, रूटचा पासवर्ड होता आणि मुंबईच्या डेटा सेंटरमधलं एक कोर, एक जीबी रॅम, पंचवीस जीबी जागा होती. भाडं महिन्याला एका मटण थाळीइतकं. पहिला विचार आला तो असा, की आपल्या नावावर सातबाऱ्यात गुंठासुद्धा नाही, आणि इथे मात्र आपण मालक!

मालक हा शब्द तसा चुकीचाच. व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर म्हणजे वाड्यातली एक तक्षीम. मूळ यंत्र एकच, दणकट. त्याच्या वाटण्या पाडलेल्या. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, कुलूप वेगळं. आपल्या खोलीत काय करायचं ते आपण ठरवायचं. पण भिंती सामाईक आणि विहीर एकच. मावळातल्या कुठल्याही देशमुखी घराण्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

ही युक्ती क्लाउडच्या काळातली वाटते, पण ती जुनी आहे. 1960च्या दशकात आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या केंद्रात एका महागड्या यंत्राची अनेक आभासी यंत्रं करण्याचे प्रयोग झाले, आणि 1972मध्ये व्हीएम/370 बाजारात आलं. साध्या, स्वस्त यंत्रांवर हेच करणारं झेन 2003मध्ये आलं, तेही इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून. गावाचं नाव तेच, देश वेगळा. 2006मध्ये ॲमेझॉनने अशी यंत्रं तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि 2016मध्ये त्यांचं मुंबईचं केंद्र उघडलं. त्याआधी मराठी साइट चालवणाऱ्या बहुतेकांची यंत्रं परदेशात असायची. वाचणारा पुण्यात, लिहिणारा पुण्यात, आणि मजकूर मात्र दर क्लिकला समुद्र ओलांडून यायचा.

तासाभराने वेल्ह्यात (आता कागदोपत्री राजगड तालुका) टेकडीवर रेंज मिळाल्यावर लॉग उघडून बघितला. मी कुणाला पत्ता दिला नव्हता, तरी कोणकोणत्या देशांतून माझ्या दारावर धडका सुरू होत्या. root, admin, test अशा नावांनी पासवर्डचा अंदाज बांधत यंत्रंच यंत्रांची दारं ठोठावत होती. समोर राजगड दिसत होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला. एक माची पडली तरी दुसरीने लढावं, अशी ती रचना. मी तिथेच बसून पासवर्डने आत येणं बंद केलं, किल्लीची फाइल केली आणि नको ती पोर्टं बुजवली. फोनच्या स्क्रीनवर कमांड लिहिणं म्हणजे शिक्षाच असते, ते सोडा.

दुसरी गोष्ट रात्री दिसली. top कमांडमध्ये शेवटी ‘st’ नावाचा एक आकडा असतो. त्याचा अर्थ चोरलेला वेळ. तुमच्या यंत्राला काम करायचं होतं, पण मूळ यंत्र तेव्हा शेजाऱ्याची कामं करत होतं, तो हा वेळ. माझ्याकडे तो शून्य होता, आणि रात्री अकरानंतर अचानक वाढला. शेजारी कोण, ते कधी कळणार नाही. भाटघर धरणाचं पाणी आमच्या डोळ्यांसमोरून खाली बारामती-इंदापूरच्या उसाला जातं, ते तरी कुठे जातं हे माहीत असतं.

आता मला हे सगळं कशाला हवं होतं ते सांगतो. माझ्याकडे आजीच्या चौदा कॅसेट आहेत, 1994 सालच्या. भाटघरच्या पाण्यात गेलेल्या शिवाराच्या गोष्टी, सासूकडून तिने ऐकलेल्या. धरण 1920च्या दशकात पुरं झालं, पाणी चढलं तसं गाव वर सरकलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. आजी ज्या शेतांची नावं घेते, ती मात्र कुठल्याच उन्हाळ्यात वर येत नाहीत.

या कॅसेट मी आत्याजवळ बसून लिहून काढल्या होत्या. निम्मे शब्द मला कळत नव्हते, ती सांगायची. तो मजकूर एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला होता. ऑक्टोबर 2021मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि माझ्या कार्डावरून आपोआप जाणारं भाडं थांबलं. कंपनीचे इशारे मी न बघणाऱ्या जुन्या मेलवर आले. काही आठवड्यांनी सर्व्हर पुसला गेला. नियमाप्रमाणेच पुसला, तक्रारीला जागा नाही. मी दुसरी प्रत ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी आत्या गेली.

पानशेत आमच्याच तालुक्यात. 12 जुलै 1961ला ते धरण फुटलं, खाली खडकवासलाही गेलं, आणि पुण्यात नदीकाठच्या घरांमधली माणसं, भांडी, पुस्तकं, दप्तरं सगळं वाहिलं. ज्यांच्या कागदांची दुसरी प्रत दुसरीकडे होती, त्यांचे तेवढे कागद राहिले. हे मला शाळेपासून माहीत होतं. उपयोग शून्य.

भोरला राहून तर हे विसरायलाच नको होतं. पंतसचिवांचं संस्थान हेच मुळात दप्तराच्या पदावर उभं. राजपत्रं तपासायची, हिशेब बघायचे, हे अष्टप्रधानांतल्या सचिवाचं काम. राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायणांकडे आलं, पुढे वंशपरंपरेने चाललं, आणि 1948च्या विलीनीकरणापर्यंत भोर ही त्यांची गादी राहिली. आता भाडेकरूचं दप्तर सर्व्हरवाले ठेवतात. सर्ट-इनच्या एप्रिल 2022च्या आदेशानुसार ग्राहकाचं नाव-गाव-पत्ता त्यांना पाच वर्षं जपावं लागतं. म्हणजे माझा मजकूर गेला तरी मी कोण होतो याची नोंद राहील.

दिलासा देणारं उदाहरणही याच डोंगरपट्ट्यातलं. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. प्वातव्हां 2004मध्ये गेले, पुढे राईरकरही गेल्या. तरी तो संग्रह हरवला नाही, कारण त्याच्या प्रती एकाच माणसाकडे, एकाच यंत्रावर नव्हत्या. 2017पासून ‘परी’च्या साइटवर त्या ओव्या वाचता येतात, काही मूळ आवाजात ऐकताही येतात.

माझा नवा सर्व्हर रोज रात्री दोन वाजता स्वतःची एक प्रत भोरला एका मित्राच्या डिस्कवर टाकतो. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत. भाड्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, आणि कॅलेंडर फोनमधलं नाही, भिंतीवरचं. शेजाऱ्याची रात्रीची गडबड अजून आहे. आवाजाच्या फाइली चढवायचं काम मी पहाटे करतो.

नऊ कॅसेट चढल्या. दहावी सध्या ऐकतोय. शेतांची नावं सांगता सांगता आजी मधेच थांबते आणि आत कुणाला तरी विचारते, ‘‘दूध उतू गेलं का गं?’’ आतून आत्याचा आवाज येतो, ‘‘नाही, बघतीये.’’ मग पुढे अकरा नावं आहेत. त्यातली चार मला लागत नाहीत. त्या जागी मी सध्या फक्त मिनिट आणि सेकंद लिहून ठेवलेत.